गव्हाच्या राज्यातली सरकारी बँक

लेखमाला : मालकी कुणाची? (भाग सहावा)

गेल्या आठवड्यात आपण १९ जुलै १९६९ च्या राष्ट्रीयीकरणापाशी थांबलो होतो. एका वटहुकमासरशी चौदा मोठ्या खासगी बँका सरकारच्या मालकीच्या झाल्या. पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यांतलीच एक. तेव्हापासून आपल्याकडचा वाद दोन ठरलेल्या बाजूंनीच चालतो. सरकारी बँक म्हटली की थकीत कर्जं, वरून आलेले फोन आणि बुडीत भरून काढायला करदात्याचा पैसा. खासगी बँक म्हटली की चटपटीत कारभार, पण लहान माणसाकडे पाठ. १ फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात दोन सरकारी बँकांच्या खासगीकरणाची घोषणा झाली, तेव्हाही दोन्हीकडून हीच वाक्यं पुन्हा ऐकू आली.

बँका ठेवायच्या की विकायच्या, हे ठरवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा : सरकारी बँकेनं नेमकं काय करायचं, आणि काय करायचं नाही? या प्रश्नाचं एक शंभर वर्षं टिकलेलं उत्तर अमेरिकेत सापडतं. खासगी भांडवलाची पंढरी समजल्या जाणाऱ्या त्या देशातल्या नॉर्थ डकोटा राज्याच्या मालकीची स्वतःची बँक आहे. पन्नास राज्यांत अशी ही एकमेव बँक. आणि गंमत अशी, की ज्या राज्यात ती आहे, तिथे गेली कित्येक वर्षं सत्ता सरकारी उद्योगांना नाकं मुरडणाऱ्या रिपब्लिकन पक्षाची आहे.

शेतकऱ्यांचं गाऱ्हाणं

नॉर्थ डकोटा कॅनडाच्या सीमेला लागून आहे. क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त, पण २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या सोलापूर शहराहूनही कमी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मुख्यतः गहू पिके आणि पिकवणारे बहुतेक नॉर्वेहून आणि रशियातल्या जर्मन वसाहतींतून आलेले शेतकरी होते.

गहू त्यांचा, पण बाकी सगळं दुसऱ्यांचं. धान्य साठवायची कोठारं, ते वाहून नेणारी रेल्वे, भाव ठरवणारा बाजार आणि कर्ज देणाऱ्या बँका यांची सूत्रं शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनिआपोलिस आणि सेंट पॉल या जुळ्या शहरांतून हलत. कर्जावर दहा-बारा टक्क्यांपर्यंत व्याज पडे. गव्हाची प्रतवारी खरेदीदारच करणार, आणि ‘हलका माल’ म्हणून भाव पाडणारही तेच. फार्गोच्या कृषी महाविद्यालयातले रसायनशास्त्रज्ञ एडविन लॅड यांनी या नाकारलेल्या गव्हाचं पीठ दळून, त्याचा पाव भाजून पाहिला. जनावरांच्या चाऱ्याच्या भावानं घेतल्या जाणाऱ्या त्या गव्हाचं पीठ चांगल्या गव्हाच्या पिठाच्या जवळपास उतरत होतं. शेतकऱ्यांच्या पोटातल्या संशयाला प्रयोगशाळेचा दाखला मिळाला.

राज्याच्या मालकीची धान्यकोठारं बांधता यावीत म्हणून १९१२ आणि १९१४ साली मतदारांनी राज्यघटनेतल्या दुरुस्त्यांना कौल दिला. तरीही १९१५ च्या विधिमंडळानं कोठारांचा प्रस्ताव फेटाळला. ‘घरी जा आणि डुकरांना खायला घाला,’ असं एक आमदार शेतकऱ्यांना म्हणाल्याची दंतकथा तिथे अजून सांगतात. त्या आमदारानं ते नाकारलं, पण तोवर वाक्य गावोगाव पोचलं होतं.

त्याच वर्षी आर्थर टाउनली या माणसानं ‘नॉनपार्टिझन लीग’ उभी केली. टाउनली जवसाच्या शेतीत साफ बुडाला होता आणि काही काळ समाजवादी पक्षाचा संघटक होता. लीगचे कार्यकर्ते फोर्ड गाड्यांतून शेतोशेत फिरले आणि वर्गणी गोळा केली. नवा पक्ष काढण्याऐवजी त्यांनी रिपब्लिकन पक्षाच्याच उमेदवार निवडीत आपली माणसं उतरवली. १९१६ साली लिन फ्रेझियर हा शेतकरी गव्हर्नर झाला. १९१८ च्या निवडणुकीनंतर विधिमंडळाची दोन्ही सभागृहं लीगच्या हाती आली, आणि १९१९ साली कायद्यांचा धडाका सुरू झाला : राज्याची बँक, राज्याची पीठगिरणी आणि धान्यकोठार, गारपिटीचा सरकारी विमा. २८ जुलै १९१९ ला बँक ऑफ नॉर्थ डकोटा वीस लाख डॉलरच्या भांडवलावर उघडली.

पहिला झटका

सुरुवात मुळीच सोपी नव्हती. बँकेसाठी राज्यानं काढलेले रोखे घ्यायला मोठे वित्तदलाल तयार होईनात. करदात्यांचा पैसा धंद्यात घालायचा राज्याला अधिकारच नाही, असा दावा काही करदात्यांनी केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९२० साली न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. मात्र त्याच वर्षी मतदारांनी एक दुरुस्ती करून टाकली. काउंट्या, शाळा आणि नगरपालिकांनी आपला पैसा याच बँकेत ठेवावा ही सक्ती त्यांनी काढून घेतली. ठेवी भराभर निघून गेल्या आणि नव्या बँकेला धाप लागली.

ऑक्टोबर १९२१ मध्ये गव्हर्नर फ्रेझियर यांना मतदारांनी मुदतीआधीच पदावरून परत बोलावलं. अमेरिकेत असा पायउतार झालेला हा पहिलाच गव्हर्नर. त्यांच्याबरोबर राज्याचे महाधिवक्ता आणि कृषी आयुक्तही गेले. बँकेचा कारभार पाहणारा तीन जणांचा औद्योगिक आयोग याच तिघांचा होता.

त्याच दिवशी त्याच मतदारांपुढे बँक गुंडाळण्याचा प्रस्तावही होता. तो मात्र त्यांनी फेटाळला. चालवणारे नकोत, पण बँक हवी, असा हा निकाल. लीगचे विरोधक सत्तेवर आले, तरी त्यांना बँक चालवावीच लागली. फ्रेझियर यांना पुढच्याच वर्षी लोकांनी सिनेटमध्ये पाठवलं, ही आणखी एक गंमत.

संस्था आणि तिचे चालक यांच्यात फरक करायला त्या मतदारांना कुणी शिकवलं नव्हतं. आपल्याकडचे बहुतेक वाद हा फरक न केल्यामुळेच अडकून पडतात.

बँक करते काय?

कायद्याप्रमाणे राज्य सरकारचा सगळा निधी या बँकेत ठेवावा लागतो. कर, शुल्कं, निरनिराळ्या खात्यांची शिल्लक, सगळं बिस्मार्क या राजधानीतल्या एका बँकेत. एरवी हा पैसा एखाद्या राष्ट्रीय बँकेत गेला असता आणि तिथून न्यूयॉर्कच्या बाजारात फिरला असता. आपल्याकडे पाणलोटाच्या कामात ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ म्हणतात, तसा इथे राज्याचा पैसा राज्याच्याच शिवारात अडवला आणि जिरवला जातो. ठेवींना केंद्रीय ठेव विमा नाही. हमी खुद्द राज्याची आहे, म्हणजे बँक बुडाली तर भुर्दंड करदात्याला.

पण गावोगाव शाखा उघडून ही बँक ग्राहक गोळा करत नाही. तिचं मुख्य गिऱ्हाईक म्हणजे राज्यातल्या छोट्या खासगी बँका. समजा, एखाद्या गावातल्या उद्योजकाला गोदामासाठी दहा लाख डॉलर हवेत. एका कर्जदाराला किती कर्ज द्यायचं याला बँकेच्या भांडवलाप्रमाणे कायद्याची मर्यादा असते, आणि गावातली बँक पाच लाखांवर थांबते. एरवी हा माणूस मोठ्या शहरातल्या बँकेकडे गेला असता आणि गावच्या बँकेचं गिऱ्हाईक कायमचं तुटलं असतं. इथे उरलेले पाच लाख राज्याची बँक घालते. कर्जदाराची चौकशी, कागदपत्रं आणि वसुली गावच्या बँकेकडेच राहते.

या मांडणीत दोन कुलुपं आहेत. पहिलं : कर्ज द्यायचं की नाही हे कर्जदाराला ओळखणारा आणि स्वतःचाही पैसा अडकवणारा बँकर आधी ठरवतो. मंत्र्याच्या भाच्याला कर्ज द्या म्हणून फोन आला, तरी सरकारी पैशाबरोबर खासगी पैसा घालायला कुणीतरी तयार असावं लागतं. दुसरं : राज्यातले खासगी बँकर या बँकेचे स्पर्धक नाहीत, तिचे भागीदार आहेत. १९१९ साली जो वर्ग तिच्या जिवावर उठला होता, तिच्या असण्यात त्याच वर्गाचं आज हित आहे. रिपब्लिकन राज्यात ही बँक शंभर वर्षं का टिकली, याचं उत्तर घोषणांपेक्षा या हिशेबात जास्त सापडतं.

बाकी कामं गरजेप्रमाणे जोडली गेली. १९३० च्या मंदीत शिक्षकांना पगाराऐवजी सरकारी हुंड्या मिळत आणि इतर बँका त्या कापून वटवत. राज्याच्या बँकेनं त्या पूर्ण किमतीला घेतल्या. जप्त झालेल्या जमिनी पुढे शेतकरी कुटुंबांनाच परत विकल्या. केंद्र सरकारच्या हमीचं देशातलं पहिलं विद्यार्थी कर्ज याच बँकेनं १९६७ मध्ये दिलं. १९९७ च्या महापुरात रेड नदीनं ग्रँड फोर्क्स शहर बुडवलं, तेव्हा तातडीचं कर्ज आणि हप्त्यांना सवलत देणारी यंत्रणा हाताशी तयार होती. नफ्याचा मोठा वाटा वेळोवेळी राज्याच्या तिजोरीत जातो. २००८ मध्ये मोठमोठ्या बँका सरकारी मदतीच्या रांगेत उभ्या असताना ही बँक नफ्यात होती.

दुसरी बाजू

एवढं वाचून हरखून जायचं कारण नाही. २००८ नंतरच्या भरभराटीचं श्रेय बँकेचे चाहते सरसकट बँकेला देतात. पण त्याच काळात राज्यात बाकन खडकातलं तेल वर येत होतं. तेलाच्या उत्पन्नानं राज्याची शिल्लक फुगली, आणि राज्याची शिल्लक म्हणजेच या बँकेच्या ठेवी.

सरकारी मालकी म्हणजे आपोआप सद्वर्तन, असंही नाही. २०१६ मध्ये स्टँडिंग रॉक इथल्या मूलनिवासींनी तेलवाहिनीविरुद्ध आंदोलन केलं, तेव्हा पोलीस बंदोबस्ताच्या खर्चासाठी राज्यानं याच बँकेकडून उसनवारी केली. राज्याची बँक राज्यकर्त्यांच्या इच्छेचीही असते. त्या इच्छेत राज्यातल्या सगळ्यांचा समान वाटा असतोच असं नाही.

आपल्याकडे काय लागू पडतं?

हा नमुना उचलून आणावा, असं मी सुचवत नाही. नॉर्थ डकोटात छोट्या बँका आधीपासून होत्या. त्यांना पाठबळ हवं होतं. आपल्याकडे १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा एक टक्काही भरला नव्हता. या पाहणी समितीत धनंजयराव गाडगीळही होते. १९६९ साली देशात बँकांच्या जेमतेम सव्वाआठ हजार शाखा होत्या आणि त्यांतल्या ग्रामीण भागात पाचांत एक. जिथे बँकच नव्हती तिथे भागीदार कुठून आणायचा? आपल्याला आधी शाखा हव्या होत्या, आणि त्या राष्ट्रीयीकरणानं दिल्या.

पण नॉर्थ डकोटाच्या रचनेशी सर्वांत जवळचं नातं असलेली संस्था दिल्लीत नाही, मुंबईत आहे. सर विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लुभाई सामळदास यांच्या पुढाकारानं १९११ मध्ये सुरू झालेली, आज महाराष्ट्र राज्य सहकारी बँक म्हणून ओळखली जाणारी शिखर बँक. मालकी सहकारी, पण काम तेच : खाली गावच्या सोसायट्या, मध्ये जिल्हा बँका आणि वर या सगळ्यांना पैसा पुरवणारी बँकांची बँक. कागदावर ही रचना नॉर्थ डकोटापेक्षाही रेखीव आहे.

तरीही २०११ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कारवाईनंतर तिचं संचालक मंडळ बरखास्त होऊन प्रशासक आले. साखर कारखान्यांना दिलेली कर्जं हा तेव्हा वादाचा मोठा विषय होता. कर्ज मंजूर करणारे आणि कर्ज मागणारे पुष्कळदा एकाच राजकीय वर्तुळातले. आपला पैसा घालून ‘नाही’ म्हणू शकेल असा तिसरा माणूस त्या व्यवहारात उरला नाही. नॉर्थ डकोटातलं पहिलं कुलूप इथे नव्हतं. पुढे प्रशासकांच्या काळात तीच बँक नफ्यात आली. मालकी तीच होती, बदलली ती निर्णयाची रीत.

म्हणून सार्वजनिक बँकेचा विषय निघेल तेव्हा तीन गोष्टी आधी तपासाव्यात. तिच्यात कुणाचा पैसा येतो आणि तो कुठे फिरतो? कर्जाला नकार द्यायची ताकद आणि नकार देण्यात हित, दोन्ही असलेलं कुणी त्या टेबलावर आहे का? आणि बँक काय करणार नाही, हे कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे का? या तिन्हींची उत्तरं पक्की असतील, तर राज्यकर्ते बदलले तरी बँक टिकते. ती कच्ची असतील, तर बँक विकल्यानं रोग जात नाही, फक्त नियंत्रणाचा प्रश्न नव्या मालकाबरोबर नव्या पत्त्यावर जातो. ढवळाढवळ करणाऱ्या मालकावर मालकी विकून टाकणं हा एक इलाज आहे. मालक कायम ठेवून त्याचे हात कायद्यानं बांधणं, हा दुसरा. आपण पहिल्यावर भरपूर बोलतो. दुसरा इलाज आपण अजून पुरता करूनच पाहिलेला नाही.

(पुढील भागात : नेब्रास्का. खासगी वीज कंपन्यांना सार्वजनिक वीजमंडळांनी हटवलं त्या राज्याची गोष्ट.)