आकडे पडद्यावर नाहीत, पाठीवर
गेम खरा वाटायला चित्र हुबेहूब हवं, हा समज अर्धाच खरा. २००८ मधला ‘डेड स्पेस’ घ्या. नायक आयझॅकमध्ये किती जीव उरलाय, हे पडद्याच्या कोपऱ्यातल्या पट्टीवर नाही, त्याच्या पोशाखावर पाठीच्या कण्यालगत उजळणाऱ्या नळीत दिसतं. नेम धरला की गोळ्यांचा आकडा शस्त्राजवळच तरंगतो. सामानाची यादी उघडली तरी खेळ थांबत नाही; मागून राक्षस येतोच. भीती खरी तिथे आहे.

उलट बरेच गेम भिंगावरची उन्हाची तिरीप, पाण्याचे थेंब मुद्दाम रंगवतात. हे कॅमेऱ्याचे दोष, डोळ्याचे नव्हेत! पण सिनेमे बघून बघून आपल्याला तेच अस्सल वाटतं.