पडदा गुंडाळल्यानंतरची चर्चा

हवामान बदलावरचा चित्रपट गावात दाखवायचा म्हटलं की आपल्याला वितळणारे हिमनग आठवतात. पण सातपुड्यातल्या माणसांशी बोलताना सुरुवात तिथूनच करायची गरज नाही. नंदुरबार जिल्ह्यासाठी याहून जवळचा माहितीपट आहे: आनंद पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांचा १९९५ सालचा ‘अ नर्मदा डायरी’. सरदार सरोवराच्या बुडितात जाणाऱ्या गावांचा लढा त्यात आहे.

आता तुम्ही विचाराल, धरणाचा आणि हवामानाचा संबंध काय? बघा, कोळसा नको म्हटलं की पुढचं नाव जलविजेचं येतं. सरदार सरोवराची वीजनिर्मितीची क्षमता १,४५० मेगावॅट. त्यातली २७ टक्के वीज महाराष्ट्राच्या वाट्याची. आणि त्यापायी अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतली ३३ गावं बाधित झाली. म्हणजे बिनधुराच्या विजेचीही किंमत असते, आणि ती नेहमी वीज वापरणाराच मोजतो असं नाही. शिवाय झाडपाला पाण्याखाली कुजला की मिथेन तयार होतो. तोही हवा तापवणाराच वायू. तेव्हा ‘हा उपाय कुणाच्या जिवावर?’ हा प्रश्न हवामानाच्या चर्चेतलाच आहे.

चित्रपट संपला की लगेच भाषण सुरू करू नका. आधी म्हाताऱ्या माणसांना विचारा: कोणता नाला उन्हाळ्यातही वाहायचा? नदीत कोणते मासे मिळायचे? मोहाचा बहर पूर्वीसारखाच येतो का? उत्तरं भिलोरीत, पावरीत येतील. ती तशीच येऊ द्या. आणि कुणीतरी वही घेऊन बसा.

वही कशाला? २००६च्या वन हक्क कायद्यानं ग्रामसभेला सामूहिक वनाचं रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिलाय. तो मागताना पुरावे लागतात. नियमांत त्यांची यादी आहे, आणि स्वतः दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही त्यात बसतो. चर्चेतली नोंद म्हणजे जबाब नव्हे, हे खरं. पण जबाब कुणाचा घ्यायचा, कोणत्या डोंगराबद्दल, कोणत्या नाल्याबद्दल, हे त्या वहीवरून कळतं.

ही माहिती असलेली पिढी आता थकत चालली आहे. म्हणून सांगतो, चित्रपट तासाभराचा निवडा आणि चर्चेला दोन तास ठेवा.