रविवारची वाट कशाला बघायची?

मुलांकडे इंग्लंडला जाणाऱ्या आई-बाबांसाठी

इंदूरच्या विजय नगरात हल्ली प्रत्येक गल्लीत एखादं तरी घर असं सापडतं, जिथला मुलगा किंवा लेक परदेशी आहे. मग आई-बाबा सहा महिन्यांच्या व्हिसावर जाऊन येतात. आल्यावर शेजारणी विचारतात, "काय काय पाहिलंत?" उत्तर बहुतेक ठरलेलं असतं. लंडनचा पूल, राणीचा वाडा, एक-दोन मंदिरं. "बाकी घरीच होतो हो. मुलांना वेळ कुठे असतो?" सोमवार ते शुक्रवार त्यांचं ऑफिस, शनिवारी किराणा आणि धुणं. राहता राहिला रविवार, तर त्या दिवशी पाऊस!

हजारो मैल ओलांडून जायचं आणि रविवारची वाट बघत खिडकीशी बसायचं. यात पैसा वाया जातो तो जातोच, पण त्याहून मोठं नुकसान वेगळं आहे. आयुष्यभर घर चालवलेली बाई तिथे दुधाच्या पिशवीसाठीसुद्धा कुणाच्या तरी सवडीवर अवलंबून राहते. मग ती गप्प होते, चिडचिडी होते. मुलांनाही अपराधी वाटतं. दोघांची चूक नसते, पण घरात ताण मात्र साचतो.

यावरचा उपाय घराबाहेरच्या बस थांब्यावर आहे, असं मी स्वतःच्या अनुभवाने सांगते. माझी लेक लंडनजवळ रेडिंगला असते. साठी मी केव्हाच ओलांडली आहे. गेल्या खेपेला मी ठरवलं, आठवड्यातून एक दिवस एकटीने फिरायचं. कार नाही, टॅक्सी नाही. फक्त रेल्वे आणि बस.

"अगं आई, एकटी कशी जाशील? शनिवारी आपण कारने जाऊ ना!"

"शनिवारी तू झोप काढ. मी बुधवारी जाऊन येते."

"आणि हरवलीस तर?"

"तर विचारीन. तोंड आहे ना मला!"

रमाबाईंच्या गावाला

पहिलं गाव मी निवडलं वांटेज. बहुतेक टूर कंपन्यांच्या यादीत हे नाव नसतं, पण मराठी माणसाने ते जरूर पाहावं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, त्या याच गावी सेंट मेरीच्या मठात राहिल्या. वय पंचवीस. आदल्याच वर्षी नवरा गेलेला, कडेवर दोन वर्षांची मनोरमा, सोबतीला एक मैत्रीण. 'स्त्रीधर्मनीति' या आपल्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांनी प्रवासखर्चाचे पैसे उभे केले होते. डॉक्टर व्हायचं मनात होतं, पण कमी ऐकू येत असल्यामुळे ते राहिलं. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात त्या शिकल्या आणि तिथे संस्कृतही शिकवलं. आपल्या या प्रवासाची हकिगत त्यांनी 'इंग्लंडचा प्रवास' या छोट्या पुस्तकात मराठीतच लिहिली.

रेडिंगहून ऑक्सफर्ड रेल्वेने अर्ध्या तासाच्या आसपास. ऑक्सफर्डहून वांटेजला बस. वांटेजला आता रेल्वे नाही. गावाजवळचं स्टेशन १९६४ सालीच बंद झालं. पण बसचं काही वाईट वाटत नाही. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली, तर दोन्ही बाजूंची शेतं, मेंढ्या आणि दगडी घरं आरामात बघत जाता येतं. गावच्या बाजारचौकात उतरलं की समोर अल्फ्रेड राजाचा पुतळा. तो १८७७ साली उभारला, म्हणजे रमाबाई आल्या तेव्हाही तो तिथेच होता. त्या चौकातल्या बाकावर बसून मी डब्यातल्या दशम्या खाल्ल्या. तेव्हा ना हाताशी फोन, ना ओळखीचं कुणी, आणि कडेवर लेकरू. त्यांनी कसं निभावलं असेल, हे पुस्तकातून कळलं नव्हतं तेवढं त्या बाकावर कळलं.

तिकिटाचं गणित

इंग्लंडची रेल्वे महाग, ही तक्रार खरी आहे. पण ती कधी महाग आणि कधी स्वस्त, हे कळलं की निम्मं काम झालं. सकाळी ऑफिसच्या गर्दीच्या वेळेचं तिकीट सगळ्यात चढं. साधारण साडेनऊनंतर दर उतरतात. ठरावीक गाडीचं तिकीट आधी काढून ठेवलं तर आणखी स्वस्त पडतं, मात्र मग त्याच गाडीने जावं लागतं.

साठी पूर्ण झालेल्यांसाठी सीनियर रेलकार्ड मिळतं. वर्षाचे सुमारे ३५ पौंड भरले की बहुतेक तिकिटांवर एक तृतीयांश सूट. ते तिथल्या नागरिकांपुरतंच आहे असा आपल्याकडे समज आहे, पण पासपोर्ट दाखवून पाहुण्यांनाही ते घेता येतं. दोन-तीन लांबचे प्रवास झाले की पैसे वसूल! फक्त लंडनच्या आसपास सकाळच्या गर्दीत ते चालत नाही.

बसचं गणित त्याहून सोपं. जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडच्या सरकारने बहुतेक बसच्या एका फेरीचं भाडं जास्तीत जास्त २ पौंड ठरवून दिलं. जानेवारी २०२५ पासून ही मर्यादा ३ पौंड झाली आणि मार्च २०२७ पर्यंत ती राहील असं जाहीर झालेलं आहे. म्हणजे तासाभराचा प्रवास असला तरी ३ पौंडांच्या वर नाही. तिथल्या ज्येष्ठांना मिळणारा मोफत बस पास मात्र आपल्याला मिळत नाही.

तिथल्या रीती

थांब्यावर बस आपोआप थांबेलच असं नाही, हात दाखवावा लागतो. चढताना ड्रायव्हरला गावाचं नाव सांगायचं. कंडक्टर नसतो. उतरायच्या आधी घंटीचं बटण दाबायचं आणि उतरताना ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणायचं. हे सगळे म्हणतात, शाळकरी पोरंसुद्धा! लंडनच्या बसमध्ये २०१४ पासून रोख पैसे घेत नाहीत. कार्ड टेकवायचं. एका तासाच्या आत दुसरी बस बदलली तर तिचं वेगळं भाडं पडत नाही.

रेल्वेच्या डब्याचं दार बटण दाबल्यावर उघडतं आणि गाडी सुटायच्या थोडं आधीच बंद होतं. तेव्हा आपल्यासारखं धावत गाडी पकडणं विसरा. तिकीट उतरेपर्यंत जपायचं, कारण बाहेर पडतानाही ते फाटकात लागतं. गुडघे दुखत असतील, बॅग जड असेल तर 'पॅसेंजर असिस्ट' ही मोफत सेवा आहे. दोन तास आधी कळवलं तरी चालतं, माणूस डब्यापर्यंत येतो.

आणि बायकांच्या मनातला पहिला प्रश्न, जो उघड कुणी विचारत नाही! पॅडिंग्टन, रेडिंग यांसारख्या मोठ्या स्टेशनांवरची स्वच्छतागृहं २०१९ पासून मोफत आहेत आणि चांगली आहेत. पाणी कमी पिऊन प्रवास करायची आपली जुनी सवय तिथे सोडून द्या.

लंडनमधली दोन घरं

रेडिंगहून पॅडिंग्टनला उतरलं, की पायी जाण्याइतक्या अंतरावर हाउली प्लेस नावाचा शांत रस्ता आहे. तिथल्या १० क्रमांकाच्या घरावर निळी गोल पाटी आहे. लोकमान्य टिळक १९१८-१९ मध्ये इथे राहिले. दुसरं घर चॉक फार्म या भुयारी स्टेशनाजवळ, १० किंग हेन्रीज रोड. विद्यार्थी असताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ मध्ये तिथे राहिले. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते घर विकत घेऊन स्मारक केलं. बाबासाहेबांचा जन्म महूचा, म्हणजे आमच्या इंदूरपासून अगदी जवळचा. महूहून निघालेला माणूस कुठवर पोचला, हे तिथे उभं राहिल्यावर जाणवतं.

काय सांभाळायचं?

सगळंच गोड नाही. रविवारी बस कमी असतात आणि रुळांची कामं निघाली की रेल्वेऐवजी बसने जावं लागतं. लहान गावाहून शेवटची बस कितीला, हे पोचल्या पोचल्या पाहून ठेवावं. २५ डिसेंबरला रेल्वे बंद असते, बसही जवळजवळ नसतात. डिसेंबरात दुपारी चारलाच अंधारतं, तर जूनमध्ये रात्री नऊपर्यंत उजेड. म्हणून एकटीने फिरायला मे ते सप्टेंबर उत्तम. घरचा पत्ता आणि फोन नंबर कागदावर लिहून पर्समध्ये ठेवावा, मोबाईलची बॅटरी कधीही दगा देते. आणि एकटीने जेवताना थोडं ओकंबोकं वाटतं, हेही खरं. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ते जातं.

"इंग्रजी येत नाही" ही अडचण वाटते तेवढी मोठी नाही. सीमाभागातल्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. कन्नड पाटीची बस असली तरी विचारत विचारत बरोबर गावी पोचणाऱ्या आज्या तुमच्याकडे घरोघरी आहेत. आमच्या विजय नगरातही तेच. २०१३ मध्ये आय-बस सुरू झाली, तेव्हा कार्ड टेकवणं, फाटकातून जाणं बायका आठवड्यात शिकल्या. २०२५ मध्ये ती वेगळी मार्गिका काढायला घेतली, पण शिकलेलं कुठे जातं? जी बाई राजवाड्याच्या गर्दीत मॅजिकमध्ये जागा मिळवते, तिला ऑक्सफर्डची रांग काय अवघड!

या फिरण्याने मला गावं दिसली, त्याहून जास्त काही मिळालं. पूर्वी संध्याकाळी लेक घरी आली की मी विचारायची, "दमलीस का गं?" आणि ती "हो" म्हणायची. संभाषण संपलं! वांटेजहून आले त्या संध्याकाळी तिने विचारलं, "आई, काय पाहिलंस?" ती सहा वर्षं तिथे राहते, पण हे गाव तिने पाहिलेलं नव्हतं. तासभर मी बोलत होते आणि ती ऐकत होती. पुढच्या रविवारी तीच म्हणाली, "मला ने ना तिकडे. पण बसने हं!"

मुलांच्या घरी आपण पाहुणे असतो, ओझं नसतो. पण तसं वाटू नये म्हणून थोडी सोय आपणही करावी. यंदा कुणी जाणार असाल, तर लोणच्याच्या बरण्यांबरोबर एक छोटी पाठपिशवी आणि चालायचे चांगले बूट बॅगेत टाका. पहिल्या आठवड्यात जवळच्या बाजारापर्यंत, दुसऱ्या आठवड्यात शेजारच्या गावापर्यंत. पुढचा रस्ता मग तुमचा तुम्हालाच सापडेल.