कामट्यांचा तारा

नाशिक शहरातील अशोक स्तंभापासून गंगापूर गावाकडे जाणारा रस्ता गंगापूर रोड या नावाने ओळखला जातो. डिसेंबर महिना अर्धा सरला, गोदाकाठची थंडी अंगात शिरू लागली की, या रस्त्याच्या आसपासच्या काही घरांच्या सज्जांत कागदी तारे लटकू लागतात. एखाद्या नवख्या वाटसरूला वाटावे की, दिवाळीचे आकाशकंदील उतरवावयाचे राहूनच गेले! ही समजूत अगदीच चुकीची म्हणता येणार नाही. कारण त्यांतील काही ताऱ्यांचा सांगाडा दिवाळीच्या कंदिलाचाच असतो.

नाशिकला नाताळ नवा नाही. गंगापूर रोडपासून जवळच शरणपूर आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी 1854 साली ही वसाहत वसविली. गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडविलेली आफ्रिकेतील मुले पुढे येथे आश्रयाला आली आणि सुतारकाम, लोहारकाम असे हातांचे उद्योग शिकली. गंगापूरजवळच गोदावरीच्या काठी जलालपूर हे खेडे आहे. ‘स्मृतिचित्रे’ लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक यांचा जन्म तेथला. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती भक्तीला अभंगांचे व भजनांचे मराठी रूप दिले. तद्वतच मराठी ख्रिस्ती घरांतील नाताळही मराठी वळणाचा झाला. त्या दिवशी अंगणात रांगोळी असते, ताटात करंज्या आणि शंकरपाळे असतात. ‘नाताळ’ हा शब्द मात्र पोर्तुगीज भाषेतून आला असून त्याचा अर्थ ‘जन्म’ असा आहे.

येशूच्या जन्मसमयी पूर्वेकडील ज्ञानी पुरुषांना एका ताऱ्याने वाट दाखविली, अशी बायबलमधील कथा आहे. म्हणून दारात तारा लावावयाचा. तो घरी करणे कठीण नाही. परंतु त्यात थोडी भूमिती आहे. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्याव्या लागतात. पाच कामट्यांची टोके एकमेकींशी जुळवून एक पंचकोनी तारा बांधतात. पाटीवर पेन्सिल न उचलता जो तारा काढतात, तोच हा. कामट्या बांधताना एक वरून, एक खालून अशी त्यांची गुंफण केली, तर खिळ्यावाचूनही सांगाडा घट्ट बसतो. प्रत्येक टोकाशी 36 अंशांचा कोन होतो. असेच दोन तारे करून ते एकावर एक ठेवावयाचे आणि त्यांची फक्त पाच टोके दोऱ्याने आवळावयाची. मग मध्यभागी, जेथे कामट्या एकमेकींना छेदतात अशा पाच ठिकाणी, दोन ताऱ्यांच्या मध्ये चार बोटे लांबीच्या आखूड काड्या उभ्या बसवितात. तत्क्षणी सपाट ताऱ्याला पोट येते, आणि दिव्यासाठी जागा होते.

हे काम बांबूलाच साधते. बांबूचे तंतू लांबच लांब व सरळ असतात. त्यामुळे तो सुरीने उभा चिरला की शेवटपर्यंत सरळ फाटत जातो, आणि त्याची पातळ कामटी वाकते पण सहसा मोडत नाही. फिलिपाईन्स बेटांतही नाताळचे तारे परंपरेने बांबू व पातळ कागद यांचेच करतात. ही जुळणी कोणी कोणापासून शिकलेच असेल असे नव्हे. ज्या मुलखात बांबू पिकतो, तेथील हातांना ती सुचते. जर्मनीत मात्र 1830 च्या सुमारास एका शाळेत भूमिती शिकविण्याच्या निमित्ताने अनेक टोकांचा कागदी तारा तयार झाला, आणि तो पुढे जगभर गेला.

सांगाड्यावर पतंगी कागद चिकटवावयाचा तो खळीने. गव्हाचे पीठ पाण्यात कालवून शिजविले की खळ होते. दुकानातील डिंकापेक्षा खळीत एक गुण अधिक आहे, आणि जुन्या वस्तूंचा पुन्हा उपयोग करणाऱ्यास तोच मोलाचा. ओले फडके काही वेळ ठेवले की ती सुटते. कागद निघून येतो, कामटीला इजा होत नाही. पक्क्या डिंकाने चिकटविलेला कागद ओढू जावे, तर कामटीच मोडते. दिवाळीतील कंदिलाचा सांगाडा नाताळासाठी वाचतो, तो या साध्या खळीमुळे. कंदील चौकोनी असेल, तर त्याच्या कामट्या सोडवून घ्याव्या लागतात, एवढेच.

दिव्याविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. कागदी ताऱ्यात मेणबत्ती कधीही ठेवू नये. तारेचा जुना विजेचा दिवा देखील जेमतेम दहाव्या हिश्श्याइतकीच वीज प्रकाशासाठी वापरतो. बाकीची सारी उष्णता होते. हल्लीचा लहान एलईडी दिवा फारसा तापत नाही. तरीही तो कागदाला टेकणार नाही असा टांगणे बरे.

ताऱ्याखाली गोठा मांडतात. इटलीतील ग्रेच्यो या गावी संत फ्रान्सिस यांनी 1223 साली असा देखावा उभा केला, तेव्हापासून ही प्रथा पसरली. नाशिकच्या घरात गोठ्याला लागणारे साहित्य आधीच पडून असते. द्राक्षांच्या पुठ्ठ्याच्या पेटीच्या भिंती होतात. ऑक्टोबरमधील छाटणीत मळ्यात पडलेल्या वेलींच्या काड्यांचे छप्पर होते. गोव्यात गोठ्याभोवतीच्या हिरव्या शेतासाठी पसरट भांड्यात नाचणी पेरतात. दिवाळीच्या किल्ल्यावर अळीव पेरणाऱ्या मुलांना ही युक्ती वेगळी सांगावी लागत नाही. गोठ्यात बैल हवा; पोळ्याला आणलेला मातीचा बैल तेथे ऐटीत उभा राहतो. शिळ्या लग्नपत्रिकांच्या जाड, सोनेरी कागदातून घंटा व चांदण्या कापता येतात. नाताळची शुभेच्छापत्रे छापून विकण्याची चाल लंडनमध्ये 1843 साली सुरू झाली. अशी आलेली पत्रेही पुढील वर्षी कात्रीखाली येतात, आणि कापलेल्या फुलावर जुन्या अक्षरांतील एखादा ‘प्रिय’ तसाच राहून जातो.

मध्यंतरी थर्मोकोलचे गोठे सर्वत्र दिसू लागले. हलके, पांढरे, बर्फासारखे; पण सण सरला की ते ना कुजत, ना पुन्हा कामी येत. 2018 साली महाराष्ट्र शासनाने सजावटीच्या थर्मोकोलवर बंदी घातली, तेव्हा कापूस आणि पुठ्ठा पुन्हा आठवले. विकतचा कागदी तारा वाईट असतो असे नाही. नीट घडी घातली तर तोही चार वर्षे टिकतो. परंतु तो आणणाऱ्या घरात कामटी तासणारा हात उरत नाही. शिवाय कामट्यांसाठी बांबू चिरणारे बुरूड कारागीर आहेत. टोपल्या-सुपांची जागा प्लास्टिकने घेतल्यावर दिवाळी ते संक्रांत हे दिवस त्यांना त्यातल्या त्यात बरे जातात.

6 जानेवारीला तीन राजांचा सण झाला की तारा उतरवितात. फाटका कागद काढून वाळवितात. संक्रांत आठ दिवसांवर आलेली असते, आणि नाशिक जिल्ह्यात, विशेषतः येवल्यात, पतंगांचे वेड मोठे. लाल-पिवळ्या कागदाच्या पट्ट्या एकापुढे एक चिकटवून पतंगाची शेपूट तयार होते. मोडलेली एखादी कामटी बारीक तासून पतंगाच्या कण्याला लावतात. उरलेल्या कामट्या दोऱ्याने बांधून माळ्यावर ठेवल्या जातात.