अर्ध्या तासाची जबाबदारी
शाळेत मुलाचा दात निखळतो, तेव्हा त्याचे भवितव्य दवाखान्यात नव्हे, मैदानावर ठरते

मधली सुट्टी संपत आलेली असते. पाण्याच्या नळाशी मुलांची गर्दी असते. तिसरीतला एक मुलगा वाकून, नळाला तोंड लावून पाणी पीत असतो. मागून कोणाचा तरी धक्का लागतो आणि क्षणात त्याच्या ओठांतून रक्त वाहू लागते. मुले ओरडत धावतात, “बाई, ह्याचा दात पडला!” बाई धावत येतात, मुलाला जवळ घेतात, चूळ भरायला लावतात, ओठावर बर्फ धरतात, घरी फोन करतात. जमिनीवर पडलेला दात कोणीतरी उचलून आणतो. बाई तो नळाखाली चोळून स्वच्छ धुतात, वहीच्या कागदात गुंडाळतात आणि वडील येताच त्यांच्या हाती देतात.

कोणत्याही गावात, कोणत्याही शाळेत घडू शकेल असा हा प्रसंग आहे. बाईंच्या मायेत किंवा तत्परतेत येथे काहीही उणे नाही. तरीही त्या मुलाचा दात वाचण्याची शक्यता याच काही मिनिटांत मावळून गेलेली असते. चोळून धुणे आणि कोरड्या कागदात गुंडाळणे, या दोन्ही गोष्टी सद्हेतूने झाल्या. परंतु त्या नेमक्या करू नयेत अशा होत्या. हे बाईंना ठाऊक नव्हते, कारण ते त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

दात निखळतो, पण लगेच मरत नाही

आपल्याकडे पडलेला दात ही टाकून देण्याची वस्तू मानली जाते. दुधाचा दात पडला की तो कौलांवर फेकायचा, उंदराला द्यायचा आणि त्याच्याकडून नवा दात मागायचा, ही गंमत घराघरांत चालत आली आहे. दुधाच्या दातापुरते ते ठीकच. घोटाळा होतो तो सहा ते दहा या वयात. या काळात मुलाच्या तोंडात दुधाचे आणि कायमचे असे दोन्ही दात एकत्र नांदत असतात. वरचे मधले दोन पटाशीचे दात साधारणतः सातव्या-आठव्या वर्षी येतात आणि अपघातात सर्वाधिक मार त्यांनाच बसतो. ते निखळले, तर त्यांच्या जागी दुसरे येत नाहीत.

दाताचे मूळ जबड्याच्या खोबणीत नुसते रुतलेले नसते. अतिशय सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याने ते हाडाशी बांधलेले असते. दात मुळासकट बाहेर पडतो तेव्हा हे तंतू तुटतात. परंतु त्यांतील पेशी काही काळ मुळाच्या पृष्ठभागावर जिवंत राहतात. दात त्वरित खोबणीत परत बसवला, तर हे तंतू पुन्हा जुळू शकतात. पेशी कोरड्या पडल्या, तर मात्र शरीर त्या मुळाला हळूहळू झिजवू लागते आणि काही वर्षांत दात गळून पडतो.

या विषयाचा पाया घालणारे संशोधन डेन्मार्कमध्ये झाले. येन्स ओवे आंद्रेआसेन आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९६६ साली पुन्हा बसवलेल्या ११० दातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्ध्या तासाच्या आत बसवलेल्या दातांपैकी ९० टक्के दातांच्या मुळांची झीज दिसून आली नाही. दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेल्या दातांपैकी ९५ टक्के दातांची मुळे झिजली. पुढील काळात झालेल्या अभ्यासांनी हेच सूत्र अधिक स्पष्ट केले. पहिली पंधरा मिनिटे सर्वांत मोलाची असतात आणि तासभर कोरड्या राहिलेल्या दातावरील पेशी बहुधा मृत झालेल्या असतात.

आता हिशेब मांडून पाहावा. शाळेतून फोन जाणे, वडिलांनी दुकान कोणाच्या तरी हवाली करून निघणे, वाहतुकीतून शाळा गाठणे, दंतवैद्य शोधणे, तेथे क्रमांक लागणे. यांत तास कधी उलटतो हे कळतही नाही. अर्थात जो अर्धा तास महत्त्वाचा, तो ना पालकांच्या हाती असतो, ना दंतवैद्याच्या. तो असतो केवळ शिक्षकांच्या हाती.

गमावलेल्या दाताची किंमत

“एक दातच तर आहे, कृत्रिम बसवता येईल,” असे म्हणणे सोपे आहे. आठ वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ते तितके सोपे नसते. जबड्याची वाढ पूर्ण होईपर्यंत हाडात स्क्रू बसवून कायमचा कृत्रिम दात लावता येत नाही. त्यासाठी वयाची अठरा वर्षे किंवा त्याहूनही पुढची वाट पाहावी लागते. तोवर काढता-घालता येणारी कवळी वापरावी लागते, वाढत्या जबड्याबरोबर ती बदलावी लागते आणि रिकाम्या जागेचे हाड दरम्यान आक्रसत जाते. शाळेतील छायाचित्रात ओठ घट्ट मिटून उभे राहणारे मूल कोणत्या संकोचातून जात असते, हे त्याच्या आईलाच ठाऊक असते.

शिक्षकांचे अज्ञान आणि शिक्षकांची भीती

भारतातील अनेक शहरांत दंतवैद्यकाच्या अभ्यासकांनी शिक्षकांना प्रश्नावल्या देऊन या विषयाची पाहणी केली आहे. त्यांचे निष्कर्ष बरेचसे सारखे आहेत. बहुसंख्य शिक्षकांना दातांच्या दुखापतीविषयी कधीही प्रशिक्षण मिळालेले नसते. ज्यांनी प्रथमोपचाराचा वर्ग केलेला असतो, त्यांनाही हाड मोडणे, भाजणे, सर्पदंश यांविषयी शिकवलेले असते, दाताविषयी क्वचितच. निखळलेला दात दुधात ठेवावा, हे फार थोड्यांना माहीत असते. मात्र या पाहण्यांतून आणखी एक गोष्ट पुढे येते, ती आशादायक आहे. शिकण्याची इच्छा जवळजवळ सर्वच शिक्षक व्यक्त करतात.

ज्ञान असूनही हात आखडतो, असेही घडते. त्यामागे रक्ताची आणि संसर्गाची धास्ती असते, आणि दुसरी भीती त्याहून खोल असते. आपण दात बसवला आणि काही चुकले, तर पालक काय म्हणतील? संस्थाचालक कोणाला जबाबदार धरतील? काहीच न करता मूल पालकांच्या स्वाधीन केले, तर निदान आपल्यावर बोट उठणार नाही. हा विचार भित्रेपणाचा नाही. तो अनुभवातून आलेला आहे. मुलाच्या ओठावरील रक्त पाहून शाळेत संतापाने बोलणारे पालक प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असतात.

म्हणून शिक्षकांची सिद्धता हा केवळ शिक्षकांचा प्रश्न नाही. त्यांना माहिती हवी, आणि त्या माहितीनुसार वागण्याचे अभयही हवे. माहिती दंतवैद्य देऊ शकतात. अभय मात्र पालकांनी आणि विश्वस्तांनीच द्यायचे असते.

नेमके काय करावे

दंत-अपघातांविषयीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली मार्गदर्शक तत्त्वे सुधारून प्रसिद्ध केली. त्यांतील प्रथमोपचाराचा भाग कोणत्याही शिक्षकाला सहज समजेल इतका सोपा आहे.

१. प्रथम मुलाकडे पाहावे, दाताकडे नंतर. मूल बेशुद्ध पडले असेल, वारंवार उलटी होत असेल, गुंगी येत असेल किंवा रक्त थांबतच नसेल, तर आधी रुग्णालय गाठावे. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.

२. मूल सावध असेल तर त्याला धीर द्यावा, स्वच्छ रुमाल घडी करून रक्ताच्या जागी दाबून धरावा आणि दात शोधावा.

३. दात तोंडात दिसणाऱ्या भागाकडून धरावा. मुळाला बोट लावू नये.

४. दाताला माती लागली असेल तर तो थंड दुधात, सलाईनमध्ये किंवा मुलाच्याच लाळेत हलकेच विसळावा. यांपैकी काहीच नसेल तर नळाच्या पाण्याखाली काही सेकंद धरावा. घासू नये, पुसू नये, साबण किंवा जंतुनाशक लावू नये.

५. दात कायमचा आहे याची खात्री असेल, तर तो सरळ बाजूने खोबणीत हलकेच बसवावा आणि मुलाला स्वच्छ रुमाल दातांखाली धरायला सांगावे.

६. बसवणे शक्य नसेल तर दात थंड दुधात बुडवून ठेवावा. दूध नसेल तर सलाईनमध्ये, अथवा मुलाला वाटीत थुंकायला सांगून त्या लाळेत ठेवावा. साधे पाणी हा चांगला पर्याय नव्हे. तरी दात कोरडा राहू देण्यापेक्षा तेही बरे. लहान मुलाच्या गालात दात ठेवू नये, तो गिळला जाण्याचा धोका असतो.

७. तत्काळ दंतवैद्याकडे न्यावे आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती, हे सांगावे.

दुधाचा दात मात्र कधीही परत बसवू नये; त्याखाली वाढणाऱ्या कायमच्या दाताला इजा होऊ शकते. दुधाचा दात आकाराने लहान आणि रंगाने अधिक पांढरा असतो. कायमचा दात मोठा, किंचित पिवळसर असतो, त्याचे मूळ लांब असते आणि नव्याने आलेला असल्यास कड बारीक करवतीसारखी असते. शंका असेल तर बसवण्याच्या भरीस न पडता दात दुधात ठेवून मुलासह दंतवैद्याकडे पाठवावा. दाताचा केवळ तुकडा उडाला असेल, तर तोही ओला ठेवून न्यावा. बरेचदा तोच तुकडा पुन्हा चिकटवता येतो. दात हलू लागला असेल, मागे सरकला किंवा हिरडीत आत घुसला असेल, तर तो ओढू नये. वेळ टळून गेली म्हणून दात फेकून देऊ नये. उशिरा बसवलेला दातही काही वर्षे जागा आणि हाड राखतो, आणि वाढत्या वयात त्या वर्षांना मोल असते.

आपल्या संस्था, आपली मुले

जैन समाजाच्या दानशीलतेतून महाराष्ट्रात असंख्य शाळा, गुरुकुले आणि वसतिगृहे उभी राहिली. कारंजा आणि कुंभोज-बाहुबली येथील गुरुकुले, कोल्हापूर-सांगलीकडील बोर्डिंगे यांनी पिढ्या घडवल्या. अशा निवासी संस्थांत शिक्षक हे अक्षरशः आईवडिलांच्या जागी असतात. पालक येण्याची वाट पाहणे तेथे शक्यच नसते. रविवारची पाठशाळा, उन्हाळी संस्कार शिबिरे, मांगी-तुंगी किंवा गजपंथाच्या पायऱ्या धावत उतरणारी यात्रेतील मुले, या सर्व ठिकाणी कोणीतरी शिक्षक किंवा कार्यकर्ता त्या अर्ध्या तासाचा धनी असतो.

करावयाच्या गोष्टी थोड्या आणि अल्प खर्चाच्या आहेत. प्रत्येक प्रथमोपचार पेटीत घट्ट झाकणाची एक लहान डबी, सलाईनची बाटली आणि स्वच्छ गॉज ठेवावे. काही कुटुंबांनी आणि संस्थांनी दुधाचा त्याग केलेला असतो. त्यांच्यासाठी सलाईनची बाटली हाच आधार आहे. वर दिलेल्या सात ओळी मोठ्या अक्षरांत लिहून शिक्षक-खोलीत आणि मैदानाजवळ लावाव्यात. ही सूचना कोणाला किरकोळ वाटेल. परंतु स्वित्झर्लंडमधील बर्न परगण्यात शाळांत अशी भित्तिपत्रके लावून त्यांचा परिणाम तपासण्यात आला, तेव्हा पत्रके लावलेल्या भागातील शिक्षकांना या विषयाचे ज्ञान अधिक असल्याचे आढळले. तो अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला.

वर्षारंभी एखाद्या दंतवैद्याला तासभर बोलावून शिक्षकांसमोर प्रात्यक्षिक करून घ्यावे. समाजात दंतवैद्य तरुण-तरुणींची उणीव नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांसाठी स्वतंत्र विभाग आहेत. जवळच्या अशा विभागाचा आणि परिसरातील दंतवैद्याचा दूरध्वनी क्रमांक पेटीच्या झाकणावर चिकटवून ठेवावा. नळाशी रांगेची शिस्त लावणे, ओलसर फरशी कोरडी ठेवणे, पुढे आलेल्या दातांवर वेळीच उपचार करून घेणे, यांनी कित्येक अपघात मुळातच टळतात.

आणि शेवटची गोष्ट, जी कोणत्याही पेटीत ठेवता येत नाही. प्रवेशाच्या वेळी पालकांकडून संमतीपत्र घ्यावे की, दाताची दुखापत झाल्यास शिक्षकांनी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तत्काळ प्रथमोपचार करावा. विश्वस्तांनी शिक्षकांच्या सभेत स्पष्ट शब्दांत सांगावे की, सद्हेतूने केलेल्या या कृतीच्या मागे संस्था उभी राहील.

दात बसवल्यानंतरही पालकांचे काम संपत नाही. दंतवैद्य तो दात शेजारच्या दातांना सुमारे दोन आठवडे लवचीक तारेने बांधून ठेवतात. या काळात मुलाला मऊ खिचडी, वरण-भात असा आहार द्यावा, मऊ ब्रशने दात स्वच्छ ठेवावेत. मुळाची वाढ पूर्ण झालेली असेल, तर दोन आठवड्यांच्या आत त्याच्या नसेवर उपचार करावा लागतो. पुढेही निदान पाच वर्षे ठरल्या वेळी तपासणी चुकवू नये. दात दुखत नाही म्हणून तो बरा झाला, असे समजणे घातक ठरते.

तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाची जी पाच कारणे सांगितली आहेत, त्यांत प्रमाद हे एक आहे. प्रमाद म्हणजे असावधपणा. नळाशी रक्ताळलेल्या मुलाला कवेत घेणाऱ्या त्या बाई प्रमादी नव्हत्या. त्या तर धावत आल्या होत्या. त्यांना वर्षानुवर्षे अंधारात ठेवले गेले, तो प्रमाद ज्यांच्या हाती संस्था आहेत त्यांचा आणि ज्यांची मुले तेथे शिकतात त्यांचा आहे. तो दूर करण्यास एक तासाचे प्रात्यक्षिक, एक डबी आणि विश्वासाचा एक शब्द पुरेसा आहे. येत्या पालक-सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय नोंदवला गेला, तर पुढच्या मधल्या सुट्टीत एखाद्या बाईंचा हात कागदाकडे न जाता दुधाच्या पेल्याकडे जाईल.