जुने फोटो, आपली गावे आणि मोअदोनमधील एक तास



शाळेतून निवृत्त झाल्यावर मी आपल्या लोकांच्या मोअदोनमध्ये जुने फोटो पडद्यावर दाखवून कोकणातील गावांचा इतिहास सांगू लागले. डिमोना, बेर-शेवा, लोद, अश्दोद अशा ठिकाणी जाऊन आले. कार्यक्रम संपला की कोणीतरी विचारतेच, "बाई, फोटो आमच्याकडेही आहेत. आम्हाला जमेल का?" जमेल. कसे, ते सांगते.

प्रथम फोटो निवडावेत. एका तासाला वीस-पंचवीस फोटो पुरे. मी पहिल्यांदा साठ नेले होते. अर्धे झाले तेव्हा चहा आला आणि निम्मी मंडळी उठली! सुरुवात ओळखीच्या गोष्टीपासून करावी. मी आडनावांपासून करते. पडद्यावर कुलाबा जिल्ह्याचा नकाशा लावते आणि विचारते, "केहिमकर कोठले? रोहेकर, झिराडकर, अष्टमकर कोठले?" ज्याचे त्याने आपले गाव दाखवायचे. मग पेंग आलेले आजोबाही सावरून बसतात.

त्यानंतर क्रम लावावा. माझा क्रम असा : नवगावची दफनभूमी, तेलाचा घाणा, अलिबागजवळच्या खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा खडक, मग मुंबई. मांडवीचे शाआर हारहमीम १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधले. त्याच्यावरूनच जवळच्या मस्जिद स्टेशनला नाव पडले असे आपले लोक सांगत आले. पुढे अलिबागचे मागेन आबोथ (१८४८) आणि पनवेलचे बेथ एल (१८४९). शेवटी इस्राएलमधील आपली पहिली वर्षे.

येथे एक पथ्य पाळावे. ऐकीव गोष्ट आणि लेखी पुरावा यांची मिसळ करू नये. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या, ही आपली परंपरा आहे. ती मी आदराने सांगते, पण "असे आपले वाडवडील सांगत" असे म्हणून सांगते. नातवंडे शिकलेली आहेत; दोन्ही एकाच सुरात सांगितले तर ती खऱ्यावरही विश्वास ठेवणार नाहीत.

ऑगस्ट १९६४ बद्दलही सांगावे. लग्नाच्या प्रश्नावर आपल्या लोकांना पूर्वजांचा पुरावा मागितला जात होता, म्हणून आपली माणसे येरुशलायीममध्ये धरणे धरून बसली. अखेर क्नेसेतने जाहीर केले की बेने इस्राएल सर्व बाबतींत इतर यहुद्यांच्या बरोबरीचे आहेत. त्या धरण्यात बसलेले कोणी समोर असेल तर आपण गप्प बसावे आणि माईक त्यांच्या हाती द्यावा.

कारण अशा कार्यक्रमात सांगणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्यांनाच जास्त ठाऊक असते. एकदा पायऱ्यांवर उभ्या असलेल्या मंडळींचा फोटो दाखवून मी "हे अलिबाग" म्हणाले. पुढच्या रांगेतल्या एक आजी काठी टेकून उठल्या. "बाई, हे अलिबाग नव्हे, पेण. डावीकडे टोपी घातलेले ते माझे काका." मला लाज वाटली, पण त्या दिवशी त्या फोटोतल्या पाच माणसांना नावे मिळाली. तेव्हापासून मी आधी विचारते, मग सांगते, आणि एका मुलीला वही घेऊन शेजारी बसवते.

आता व्यवहाराच्या गोष्टी. दिवे पूर्ण मालवू नयेत. उठताना कोणी पडेल. अक्षरे मोठी व थोडी असावीत, मराठी वर आणि हिब्रू खाली. कार्यक्रम दुपारच्या झोपेनंतर ठेवावा. फोटोची नक्कल मोबाइलवर घेता येते : फोटो खिडकीजवळ सपाट ठेवावा, फ्लॅश बंद करावा, मोबाइल बरोबर वर धरावा. आल्बमच्या काळ्या कागदाला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, फाटतो. पानासकट नक्कल घ्यावी. मूळ फोटो त्याच दिवशी घरी परत जावा, आणि दाखवण्यापूर्वी घरच्यांची परवानगी घ्यावी.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने चार गोष्टी लिहाव्यात : कोण, कोठे, केव्हा आणि हे कोणी सांगितले. बॉलपेन वापरू नये, पुढे वळ उठतो.

हे का सांगते? मागच्या वर्षी एक तरुण बुटांचा खोका घेऊन माझ्याकडे आला. त्याची साव्ता वारली होती. खोक्यात चाळीसेक फोटो : हिरव्या बांगड्यांतली नवरी, मलिद्याचे ताट, बोटीच्या कठड्याशी उभे कुटुंब. एकाच्याही मागे नाव नाही. मी दोघांना ओळखले, बाकीच्यांना कोणीच नाही. तो हिब्रूत म्हणाला, "ही माझीच माणसे, आणि मला त्यांची नावे माहीत नाहीत." ज्यांना माहीत होती त्या सहा महिन्यांपूर्वीपर्यंत त्याच घरात बसून होत्या; कोणी विचारले नाही आणि त्यांनीही लिहून ठेवले नाही.

२००५ च्या पुराचे पाणी पनवेलच्या बेथ एलमध्ये शिरले ते आपण थांबवू शकलो नाही. पण पेन्सिल तर आपल्या हातात आहे. येत्या शब्बातनंतर खोका खाली काढा, नातवाला जवळ बसवा आणि एका फोटोपासून सुरुवात करा. मोअदोनचा पडदा नंतर.