राधेचा रुसवा आणि सरकारी जप्ती

कुंभकोणाच्या दक्षिणेस, शहराला जवळजवळ लागूनच, साक्कोट्टै हे गाव आहे. तेथील अमृतकटेश्वराचे देवालय म्हणजेच प्राचीन तिरुक्कलयनल्लूर, आणि त्याचे स्तवन करणारा शैव संतकवी सुंदरर हा स्वतःच एका प्रेमकथेचा नायक आहे. तिरुवारूरची परवै ही त्याची पहिली पत्नी. पुढे तिरुवोट्रियूरच्या संगिलीशीही त्याने विवाह केला आणि परवैने दार बंद केले. तेव्हा आपल्या भक्ताची रदबदली करण्यासाठी प्रत्यक्ष शिव मध्यस्थ होऊन तिच्या दारी गेला, आणि पहिल्या खेपेस विन्मुख परतल्यामुळे त्याला दुसरी खेप घालावी लागली, असे बाराव्या शतकात शेक्किळाराने ‘पेरियपुराणम्’मध्ये सांगितले आहे. स्त्रीच्या रुसव्यापुढे देवाने नमते घेण्यात या कावेरीकाठाला कधी लाज वाटली नाही. मात्र हा रुसवा शब्दबद्ध केला तो पुरुषाने. तो स्त्रीने स्वतःच्या लेखणीने लिहावा यासाठी सुमारे सहा शतके जावी लागली, आणि ते घडले मराठ्यांच्या छत्राखाली, ही गोष्ट महाराष्ट्राच्या स्मरणातून जवळजवळ पुसली गेली आहे.

व्यंकोजीने तंजावरात राज्य स्थापिल्यानंतर या मुलखात मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने स्थिरावली. दफ्तर मोडीत, दरबारी काव्य तेलुगूत, बाजार तमिळमध्ये आणि शास्त्रार्थ संस्कृतात, अशी त्या राज्याची बहुभाषिक राहणी होती. 1684मध्ये गादीवर आलेल्या शहाजीने कुंभकोणाजवळ तिरुविशनल्लूर येथे चाळीसहून अधिक पंडितांना इनाम देऊन अग्रहार वसविला. परंतु हाच विद्याव्यासंगी राजा ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ यासारखी मराठी विवाहनाटके लिहीत होता, आणि ‘पंचभाषाविलास’ या नाटकात त्याने निरनिराळ्या देशींच्या राजकन्यांना आपापल्या भाषेत श्रीकृष्णावर अनुरक्त होऊ दिले. प्रेमकथेचे रंजन हा त्या दरबारात पांडित्याचा विटाळ नव्हता.

याच परंपरेत प्रतापसिंहाच्या कारकिर्दीत, म्हणजे 1739 ते 1763 या काळात, मुद्दुपळनी ही गणिका-कवयित्री उदयास आली. तिचे ‘राधिकासांत्वनमु’ हे 584 पद्यांचे तेलुगू शृंगारकाव्य. आरंभीच ती स्वतःची वंशावळ देते. आपली आजी तंजनायकी हिचा उल्लेख ती अभिमानाने करते आणि स्वतःच्या विद्वत्तेविषयीही खोटा विनय दाखवीत नाही. काव्याचे कथासूत्र विलक्षण आहे. राधेने लहानाची मोठी केलेली इळा कृष्णाची वधू होते. राधाच तिला पहिल्या समागमाची शिकवण देते, कृष्णालाही त्या कोवळ्या मुलीशी मार्दवाने वागावयास बजावते, आणि हे सारे थोरपणाने पार पाडल्यावर स्वतः मात्र विरहाने, मत्सराने आणि संतापाने पोळून निघते. दोन्ही भावना खऱ्या असतात व एकाच हृदयात नांदतात, हे जाणण्यास अनुभवच लागतो. शेवटी कृष्ण येतो, समजूत घालतो. आणि या समजुतीत राधेची इच्छा ही याचना न राहता हक्क होते. प्रौढ स्त्रीला वासना असावी, ती तिने बोलून दाखवावी, आणि एवढ्यावर काव्याने तिला शिक्षा न करता तृप्त करावी, ही कल्पना आजच्या कित्येक कथालेखकांनाही पेलत नाही.

एकोणिसाव्या शतकात मात्र वाऱ्याची दिशा पालटली. 1887मध्ये पैडिपाटी वेंकटनरसू यांनी हे काव्य छापले, परंतु काही पद्ये गाळून. कंदुकूरी वीरेशलिंगम् यांनी आपल्या आंध्र कवींच्या चरित्रग्रंथात कवयित्रीवर व्यभिचारिणी म्हणून तोंडसुख घेतले. हे गृहस्थ प्रतिगामी नव्हेत. 1881मध्ये त्यांनी राजमहेंद्री येथे विधवाविवाह घडवून आणला होता. कुंभकोणातील आपले मराठी गृहस्थ, इंदूरचे दिवाण आर. रघुनाथराव हेही विधवाविवाहाचे कैवारी होते. त्या पिढीच्या सुधारकांचे ऋण मोठे आहे, यात संशय नाही. परंतु स्त्री दुःखी असली की तिच्याविषयी त्यांना कळवळा येई, आणि ती सुखाची गोष्ट सांगू लागली की त्यांतील काहींची भिवई चढे. पीडितेची कहाणी ऐकून घेणे हा उपकार असतो. रसिकेची कहाणी ऐकण्यास बरोबरी मान्य करावी लागते.

ही बरोबरी मागितली बंगळूर नागरत्नम्मा हिने. नंजनगूड येथे 1878मध्ये जन्मलेली ही नामांकित गायिका देवदासी परंपरेतील. मूळ संहिता मिळवून, गाळलेली पद्ये परत घालून तिने 1910मध्ये वाविळ्ळ या मद्रासच्या प्रकाशनसंस्थेकडून हे काव्य प्रसिद्ध केले. प्रस्तावनेत तिने दिलेले कारण मला फार महत्त्वाचे वाटते. काव्य समाजोपयोगी आहे किंवा त्यात गूढ भक्तितत्त्व दडले आहे, अशी सारवासारव तिने केली नाही. कितीही वेळा वाचले तरी पुन्हा वाचावेसे वाटते, ते रसाने ओथंबलेले आहे आणि स्त्रीने रचलेले आहे, एवढेच तिने सांगितले. लज्जेचे नियम स्त्रियांनाच लागू आहेत काय, असा उलट प्रश्न वीरेशलिंगम् यांना करून, त्यांनी वाखाणलेल्या पुरुषांच्या काव्यांतील उघड शृंगाराकडे तिने बोट दाखविले.

उत्तर देण्यास वादी पुढे आला नाही, सरकार आले. 1911मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून प्रतींची जप्ती झाली. तंजावरच्या राजाने ज्या काव्याचा सन्मान केला ते कंपनीच्या वारसदार सरकारच्या कारकुनांना मुद्देमाल वाटले. पंडितांनी अर्ज-विनंत्या केल्या, त्या व्यर्थ गेल्या. बंदी उठली ती मद्रास प्रांतातील टंगुटूरी प्रकाशम् यांच्या मंत्रिमंडळाच्या कारकिर्दीत, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर. नागरत्नम्मा तेव्हा तिरुवैयारूत होती. आपली मिळकत खर्चून तिने संगीतकार त्यागराजांच्या समाधीवर मंदिर बांधविले होते, आणि तेथील आराधनोत्सवात स्त्रियांना गाऊ देत नाहीत म्हणून स्त्रियांचा वेगळा उत्सव भरवून तो हक्कही मिळविला होता. राधेचा शृंगार आणि त्यागराजांची रामभक्ती यांत तिला विरोध दिसला नाही. ज्यांना दिसला त्यांनी दोहोंपैकी एकाचेही जतन केले नाही.

आपल्याकडे 1933मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले तेव्हा शिकल्यासवरल्या कुमारिकांच्या मनातील ओढ वाचून असाच गहजब झाला, आणि विभावरी शिरूरकर या नावाआडची बाई कोण याचा शोध घेण्यातच टीकाकारांची निम्मी बुद्धी खर्ची पडली. ना. सी. फडके प्रणय रंगवीत तेव्हा त्याला तंत्र म्हणत. कोल्हापुरात वैद्यकी करणाऱ्या सुमती क्षेत्रमाडे यांच्या कादंबऱ्या वाचनालयांत पाने सुटेपर्यंत फिरत, तरी समीक्षेच्या ग्रंथांत त्यांना ओळभर जागा मिळणे कठीण. दुपारची कामे आटोपून कादंबरी घेऊन बसलेल्या बाईला ‘काय हे वाचतेस’ असे विचारणाऱ्यांनी आपल्याच तंजावरी राजाच्या कारकिर्दीत लिहिलेले हे काव्य एकदा भाषांतरातून का होईना वाचावे, आणि सुधारणेचा वा अध्यात्माचा दाखला न मागता वाचावे. नागरत्नम्मानेही तो कोणाला सादर केला नव्हता.